कोंडवाड्यातली रेघ

जांबखेड्याच्या कोंडवाड्याचा लोकल बोर्डानं दवाखाना केला तेव्हा पंचक्रोशीत पहिला प्रश्न निघाला तो असा, की आता जनावरं कुठं कोंडणार? माणसं कोंडणार, असं उत्तर बाजारात कोणीतरी दिलं आणि लोक हसले. हसले खरे, पण ते उत्तर सोबत घेऊनच घरी गेले.

बोर्ड म्हणजे काय हे त्या भागात लोकांना कोंडवाड्यावरूनच ठाऊक. रस्त्यासाठी आखणी करून गेलेली माणसं पुन्हा फिरकली नव्हती. पण कोणाच्या म्हशीनं दुसऱ्याच्या तुरीत तोंड घालायचा अवकाश, बोर्ड हजर. आत गेलेलं जनावर दंड भरल्याशिवाय सुटायचं नाही आणि मुदत टळली की राखणदार मेहबूब त्याच्या पुठ्ठ्यावर डांबराचं गोल कडं काढायचा. कडं दिसलं की समजायचं, हे लिलावात गेलं. आता त्याच कोंडवाड्याला चुना फासला होता, गव्हाणी फोडून लोखंडी खाटा टाकल्या होत्या. भिंतीलगतचे दावणीचे खुंटे मात्र कोणी उपटले नव्हते. मेहबूबही तोच होता. त्याला खाकी कोट मिळाला आणि तो चपराशी झाला, एवढंच.

टाकळीच्या उकंडरावानं ठरवून टाकलं होतं की आपल्या घरचं माणूस या आवारात पाय ठेवणार नाही.

उकंडरावाच्या नावातच संशय होता. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून चतुराबाईनं, त्याच्या आईनं, हे पोर उपजल्याबरोबर उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारणीकडून उचलून आणवलं. उकिरड्यावरचं पोर कोण नेतो? असा यमाला फसवून वाढलेला माणूस. जगात जो तो दुसऱ्याला फसवायला बसला आहे यावर त्याची श्रद्धा होती, आणि देशमुखाची जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यानं करताना ती श्रद्धा दरसाल पक्की होत गेली.

खळ्यावर ज्वारीची रास पडली की वाटणी होईपर्यंत देशमुखाचा कारभारी राशीभोवती राखेची रेघ ओढायचा. कोणी दाणे काढले तर रास ढळते, रेघ मोडते, चोरी कळते. पण रेघ ओढणाराच चोर असला तर? तो दाणे काढून नवी रेघ ओढील. म्हणून कारभाऱ्याची पाठ फिरली की उकंडराव राशीच्या कडेला, रेघेला चिकटून, आपले बारके खडे मातीत दाबून ठेवायचा. रेघ कारभाऱ्याची, खडे उकंडरावाचे. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त आईला आणि बायकोला माहीत होतं.

त्या वर्षी पौषात कणसं खुडणं चालू असताना त्याच्या बायकोच्या, कस्तुराबाईच्या तळपायात कापसाच्या पऱ्हाटीचं खुट घुसलं. ती ओझं घेऊन बांध उतरत होती. पाटी खाली टाकली नाही, तशीच खळ्यापर्यंत आली, पाटी उतरवली आणि मग खाली बसून पाय पाहिला. खुट तिनंच ओढून काढलं. रक्त फारसं आलं नाही, आणि तेच वाईट झालं.

चतुराबाईनं हळद-चुना भरला. दुसऱ्या दिवशी टाच फुगली. तिनं गरम तेलाचा शेक दिला, रुईचं पान बांधलं. सूज घोट्यावर चढली. कस्तुराबाई एका पायावर लंगडत भाकऱ्या थापायची आणि मध्येच तव्यासमोर डोळे मिटून बसायची. मग ताप आला. भाकरी घशाखाली उतरेना. पोटरी लाल झाली, तापलेल्या विटेच्या रंगाची, आणि हात लावू देईना.

"दवाखान्यात न्या मले," ती एका सकाळी म्हणाली.

"कोंडवाड्यात?" उकंडराव म्हणाला.

"कोंडवाडा तं कोंडवाडा. अठी पडून तरी काय करू? मह्या पायात कोनी भट्टी लावली असं वाटून राह्यलं."

"अवं पन बोर्डाचं हाय थे."

"मंग? तुमचं काय हाय अठी? जमीन देशमुखाची, बैल मह्या बापानं देल्ले. पाय तेवढा माहा हाय. थो मले पाह्यजे."

चतुराबाई चुलीजवळून म्हणाली, "ने बापा. पन तिच्यापासून हलू नको. खळ्यावर मी बसतो."

मळणी तोवर उरकली होती, राशीभोवती रेघ होती आणि रेघेला चिकटून त्याचे खडेही. उकंडरावानं गाडीत तुरीचं कुटार, मऊ भुसकट, पसरलं, वर घोंगडी टाकली आणि कस्तुराबाईला निजवलं. जांबखेड्यापर्यंतची वाट खाचखळग्यांची. प्रत्येक गचक्याला ती ओठ चावायची. तो बैलांच्या शेपट्या न पिळता, जणू नवी नवरी नेतो आहे तसा, हळू हाकत गेला.

दवाखान्याच्या फाटकाला अजून कोंडवाड्याचाच आडणा होता. मेहबूबनं तो काढला आणि जुन्या सवयीनं आधी बैलांकडे पाहिलं.

"बैल नाही मेहबूबभाई, बायको हाय," उकंडराव म्हणाला.

"मालूम हाय ना बे. आन आत."

डॉक्टर वाकणकर हा घाटावरचा माणूस, तिशीतला, बोलायला तुटक. मागच्या खोलीत एकटा राहायचा आणि स्वतःच्या हातानं भात शिजवायचा. त्यानं कस्तुराबाईचा पाय पाहिला आणि तोंड वाकडं केलं. लुगडं गुडघ्याच्या वर सरकवायला सांगितलं तेव्हा उकंडरावानं मान फिरवली. चार माणसांत बायकोची पोटरी उघडी पडली होती आणि तो खुंट्यांकडे बघत उभा होता. कस्तुराबाईनं पदर तोंडावर घेतला. लाज आणि कळ दोन्ही त्याखाली झाकून तिनं "करा बाप्पा काय करता थे," एवढंच म्हटलं.

"घट्ट धर हिला," डॉक्टर म्हणाला.

उकंडरावानं खांदे धरले. मेहबूबनं पाय धरला. चाकू टाचेत गेला आणि असा वास सुटला की फाटकाशी बसलेल्या बायाही उठून लांब गेल्या. पू भांडंभर निघाला. आतून पऱ्हाटीची एक काळी सळी निघाली, गहू असतो तेवढी. डॉक्टरनं ती चिमट्यात धरून उकंडरावाला दाखवली. उकंडरावाच्या मनात आलं, ही आधीच चिमट्यात होती की आत्ता पायातून आली?

मग जखम धुऊन, पट्टी बांधून झाल्यावर डॉक्टरनं एका बाटलीत काडी बुडवली आणि पोटरीवर, लाली जिथं संपत होती तिथून, गोल रेघ ओढली. ओढताना रेघ दिसत नव्हती. थोड्या वेळानं ती काळी पडली. लाल पोटरीवर काळं कडं.

उकंडरावानं असलं कडं म्हशींच्या पुठ्ठ्यावर पाहिलं होतं.

"साह्यब, ही रेघ कायची?"

"कळेल," म्हणून डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे गेला.

उकंडरावानं मेहबूबला गाठलं. मेहबूब पू भरलेलं भांडं घासत होता.

"मेहबूबभाई, खरं सांगजो. लिलावाची हाय काय?"

"पागल झाला काय बे? मानसाचा लिलाव कुठी असते?" मेहबूबनं आवाज खाली आणला. "पन मागं एका बुढ्याले अशीच रेघ वढली होती. मंग थ्याले आकोल्याले धाडलं. आला थो घोडीवर." घोडी म्हणजे काखेत धरायची लाकडी काठी, हे त्यानं हातानं करून दाखवलं.

उकंडराव परत खाटेशी येऊन जमिनीवर बसला. संध्याकाळी डॉक्टर पुन्हा आला तेव्हा कस्तुराबाईनंच पदराआडून विचारलं.

"रेघ कायले वढली जी?"

डॉक्टरनं या वेळी उत्तर दिलं. "लाली कुठवर आहे ते कळायला. रेघेच्या आत राहिली तर पाय तुझा. रेघ ओलांडून गुडघ्याकडे निघाली तर जीव वाचवायला पाय काढावा लागेल. तो इथं नाही काढता येत, अकोल्याला न्यावं लागेल."

तो गेल्यावर कस्तुराबाई बऱ्याच दिवसांनी थोडी हसली. "घ्या. साह्यबानं मह्या पायाची रास केली. खळ्यावानी रेघ वढली."

ती हे गमतीनं म्हणाली. पण उकंडरावाला ते एकदम पटलं आणि मग त्याला झोपच येईना. राशीची रेघ असेल तर ओढणारा कोण, हा प्रश्न आलाच. बरं, रेघ रोजच्या शेकानं आणि धुण्यानं पुसट व्हायची आणि डॉक्टर रोज सकाळी ती पुन्हा गिरवायचा. गिरवताना काडी बोटभर आत घेतली तर कोण विचारणार? अकोल्याला म्हणे नवीन डॉक्टरांना कापायला पाय लागतात. हे त्याला बाजारात एका माणसानं सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्याला कोणी सांगितलं हे त्यानं विचारलं नव्हतं.

तसे दिवस बरे चालले होते. मेहबूब चुलीवर पाणी तापवायचा, डॉक्टर मिठाच्या पाण्याचा शेक द्यायला लावायचा. कस्तुराबाईचा ताप उतरत होता. तिनं कण्या खाल्ल्या, मग भाकरीचा तुकडा मागितला. उकंडराव बैलांना आवारातच बांधून होता, दावणीच्या खुंट्याला. तेवढ्यापुरता कोंडवाडा पुन्हा कोंडवाडा झाला होता. डॉक्टर रेघ गिरवायला लागला की तो मान पुढं काढून, डोळे बारीक करून बघत राहायचा, आणि डॉक्टरला त्याचा राग यायचा.

"काय बघतोस रे? मी काय चोरतोय तिच्या पायातून?"

"नाही जी," उकंडराव म्हणायचा. आणि बघत राहायचा.

अशात चतुराबाई टाकळीहून पायी आली. डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं, तोंड उतरलेलं. सुनेच्या कपाळाला हात लावला, ताप नाही पाहून "माय वो," म्हणाली, आणि मग लेकाला बाजूला घेतलं.

"रास हालली, उकंडा."

"रेघ मोडली?"

"रेघ जशीच्या तशी. पयल्यापेक्षा झ्याक. पन तुहे खडे रेघेच्या भाईर हायेत. चांगले वीतभर भाईर."

रास लहान झाली होती आणि नवी रेघ लहान राशीभोवती ओढली गेली होती. "मी पान्यावर गेली होती तेवढीच," चतुराबाई म्हणाली आणि डोळे पुसू लागली. "कारभारी म्हने, बुढे, रेघ पाहून घे, उद्या बोंबलजो नको."

"रडू नको, माय."

"मंग काय करू? वरीसभराचं हाय थे."

तिनं कनवटीतून एक बिब्बा काढला. काळा, टपोरा, दोरा ओवलेला. खाटेच्या पायाला बांधायला आणला होता, सुनेला दृष्ट लागू नये म्हणून. उकंडरावानं तो हातात घेतला आणि त्याच्याकडे पाहत राहिला. परीट कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करतो ती कपडा फाटला तरी जात नाही. गेरू जाईल, काजळ जाईल, राख तर फुंकरीनं जाईल. बिब्बा शेकानं जायचा नाही आणि साबणानंही नाही.

दुपारी डॉक्टर जेवायला आत गेला, चतुराबाई बैलांना पाणी दाखवायला गेली आणि मेहबूब भिंतीला टेकून पेंगू लागला, तेव्हा उकंडरावानं चिलमीच्या निखाऱ्यावर बिब्बा धरला. दाभणानं टोचल्यावर काळं तेल पाझरलं. त्याच्या बोटांना ते रोजचंच होतं. दरसाल बैलांच्या खुरांना बिब्ब्याचं तेल लावायचा तो, आणि त्याच्या कातडीला कधी फोड आला नव्हता. चतुराबाईचंही तसंच. गावात इतरांना उतायचा बिब्बा, तोंडं सुजायची, पण या घरात त्याची भीती कोणी बाळगली नव्हती.

त्यानं दाभणाच्या टोकानं रेघेच्या बाहेर, ज्वारीच्या दाण्याएवढी जागा सोडून, ठिपके द्यायला सुरुवात केली.

कस्तुराबाई जागी झाली. "काय करून राह्यले?"

"खडे ठेवून राह्यलो."

ती समजली. "मले इचारलं असतं तं बरं झालं असतं. पाय माहा हाय," ती म्हणाली. पण पाय तिनं ओढून घेतला नाही.

त्याचं काम संपलं तेव्हा पोटरीभोवती रेघेबाहेर बारीक काळे ठिपके बसले होते, डॉक्टरच्या काडीचेच शिंतोडे वाटावेत असे. उकंडरावाला किती दिवसांनी हलकं वाटलं. आता सरकव म्हणावं रेघ.

दुसऱ्या दिवशी जागा थोडी गुलाबी दिसली. त्याच्या पुढच्या दिवशी बाजार होता. सकाळीच डॉक्टरनं पट्टी सोडली, लुगडं सरकवलं आणि तो खाटेच्या कडेवर बसलाच. रेघ ओलांडून लाली गुडघ्यापर्यंत गेली होती. कातडी तटतटून चमकत होती आणि तिच्यावर बारीक पाण्याचे फोड उठले होते.

डॉक्टरनं तिच्या कपाळाला हात लावला, नाडी पाहिली. दोन्हींत काही सापडलं नाही म्हणून तो आणखीच गोंधळला. पुन्हा पायाकडे पाहिलं आणि उठला.

"गाडी जुंप. वाशिमला आगगाडी मिळेल, आजच अकोला गाठा. मी चिठ्ठी देतो. उशीर केलास तर बाई हाती लागायची नाही."

"अन् पाय?" कस्तुराबाईनं विचारलं.

डॉक्टरनं खिशातून चिठ्ठीचा कागद काढला. तिनं तोंडावरचा पदर काढला आणि छताच्या टिनांकडे बघत पडून राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं. एका पायाच्या बाईला खळ्यावर कोण उभं करतो, चुलीशी कोण बसवतो, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

उकंडरावाच्या डोक्यात एकच गोष्ट भडकली. सरकवली. शेवटी सरकवलीच रेघ यानं. तो पुढं झाला, डॉक्टरला जवळजवळ ढकलून पायावर वाकला आणि आपले ठिपके शोधू लागला. आता सगळ्या बाजारासमोर दाखवतो म्हणाला मनात.

ठिपके होते. रेघेपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंतरावर, त्यानं ठेवले तिथंच, एकूण एक. रेघ केसभरही हलली नव्हती.

मग त्यानं नीट पाहिलं. रेघेच्या खाली, टाचेकडे, कातडी सुरकुतून गेली होती. सूज ओसरलेल्या जागेवर पडतात तशा सुरकुत्या होत्या. लाली खालून वर चढलेली नव्हती. ती ठिपक्यांपासून निघाली होती. एकेका ठिपक्याभोवती गडद होती आणि मग एकात एक मिसळून गुडघ्याकडे पसरली होती.

"आग होते काय वं?" त्यानं हळू विचारलं.

"आग नाही जी. खाज हाय. कालपासून खाजवू खाजवू जीव जाते."

बाहेर मेहबूब बैल सोडत होता, त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. बाजाराला आलेली माणसं फाटकाशी जमली होती. गप्प राहिलं तर कोणाला कळणार नव्हतं. ठिपके देताना कस्तुराबाईशिवाय कोणी पाहिलं नव्हतं, आणि ती नवऱ्याविरुद्ध तोंड उघडणारी नव्हती. ती त्याच्याकडेच पाहत होती. तिलाही कळलं होतं. ती वाट पाहत होती. असली शरम त्याला देशमुखाच्या ओट्यावर जोडे हातात घेऊन उभं राहतानाही वाटली नव्हती.

"साह्यब," तो म्हणाला, "थे माहं काम हाय. मी बिब्बा लावला तिले."

"काय?"

"रेघेपाशी. खुना केल्या. तुमी रेघ सरकवान म्हनून." फाटकाशी कोणीतरी फसकन हसलं. "बिब्बा उतला थो. पाय बरा हाय तिचा."

डॉक्टरचा चेहरा लाल झाला. "खोटं बोलतोस तू. कापायचं नाव काढलं की तुम्ही लोक वाटेल ते सांगता. मागच्या महिन्यात एकानं असंच केलं, भावाला उचलून घरी नेला. तो वाचला नाही. पहिल्या दिवसापासून तू माझ्यावर डोळा ठेवून आहेस. आता तुझ्यावर कसा विश्वास ठेवू, सांग?"

हा प्रश्न उकंडरावाला आजवर कोणी विचारला नव्हता. त्यानं कमरेतून बिब्बा काढून पुढं केला. "हा पाहा. मह्या हाताले लावून पाहा."

"लाव."

"पन..." तो अडखळला. "मले उतत नाही जी. मायलेबी नाही उतत."

आता फाटकाशी सगळेच हसले. डॉक्टर हसला नाही. "म्हणजे पुरावाही नाही."

"मह्या दुसऱ्या पायाले लावा," कस्तुराबाई म्हणाली.

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाला. त्यानं तिच्या कपाळावर पुन्हा हात ठेवला. ताप नव्हता. हेच त्याला सतावत होतं, हे दिसत होतं. तो फाटकाकडे वळला. "कोणी हात देतं का? ठिपकाभर तेल लावायचं आहे. दुसऱ्या दिवशी कळेल."

बोर्डाच्या आवारात हात पुढं करायचा? माणसं मागं सरली. कोणाला बाजाराची आठवण झाली, कोणाला पोराची. मेहबूबनं दोन्ही हात खाकी कोटाच्या खिशात घातले.

डॉक्टरनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, सदऱ्याची बाही वर केली आणि रागारागात उजवाच हात उकंडरावापुढं धरला. "लाव. तिला लावलंस तेवढंच. गाडी उद्या सकाळपर्यंत थांबेल. मधे ताप चढला तर त्याच घडीला निघायचं, आणि खोटं निघालं तर तुला पोलिसात देईन."

उकंडरावानं दाभण घेतलं. ज्या हातानं बायकोचा पाय फाडला होता त्या गोऱ्या हातावर त्यानं काळे ठिपके दिले. असा कोणी आपला हात त्याच्या स्वाधीन केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

तो दिवस सरता सरेना. चतुराबाई दर घडीला सुनेच्या कपाळाला हात लावायची. जुंपायची गाडी जू टेकवून फाटकाशीच उभी होती. उकंडराव कधी तिच्याकडे पाहायचा, कधी डॉक्टरच्या बंद दाराकडे. त्यानं आयुष्यभर दुसऱ्याचं वाईट निघावं म्हणून नजर ठेवली होती. त्या दिवशी मात्र एका भल्या माणसाचा हात सुजावा म्हणून तो देवाची करुणा भाकत होता, आणि तशी भाकताना त्याला स्वतःचीच किळस येत होती.

सकाळी दार उघडलं. डॉक्टर बाहेर आला तो हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून. डोळे जागरणानं लाल. तो सरळ कस्तुराबाईच्या खाटेपर्यंत गेला आणि त्यानं सोगा काढला.

हात कोपरापासून बोटांपर्यंत सुजला होता. लाल, चमकता, वर बारीक फोड. बोटं मिटत नव्हती. आणि त्या सगळ्या लालीभोवती, डाव्या हातानं ओढलेली वेडीवाकडी, एक काळी रेघ होती. लाली तिच्याही बाहेर गेली होती.

"मेहबूब," डॉक्टर म्हणाला, "गाडी सोड."

कस्तुराबाईनं तोंडावर पदर घेतला आणि ती रडू लागली, आवाज करून, पहिल्यांदाच. चतुराबाईनं भिंतीला डोकं टेकलं. उकंडरावाला काय करावं ते सुचेना. आईच्या गाठोड्यात खोबऱ्याच्या तेलाची शिशी होती, ती घेऊन तो डॉक्टरपुढं उभा राहिला.

"हे लावा, साह्यब. बिब्ब्याले उतार हाय."

डॉक्टरनं शिशीचं बूच काढायला लावलं, नाकाशी नेऊन वास घेतला, उकंडरावाकडे पाहिलं आणि पुन्हा वास घेतला.

"आधी तुझ्या बायकोला लाव," तो म्हणाला. "मी बघतो."

उकंडरावानं लावलं. डॉक्टर मान पुढं काढून, डोळे बारीक करून बघत राहिला. मग त्यानं खालची कातडी दाबून पाहिली. खरी लाली आता रेघेपासून कितीतरी आत, घोट्याजवळ उरली होती. त्यानं काडीची बाटली मागवली. उजव्या हातात काडी धरायला गेला, बोटं मिटली नाहीत, काडी खाली पडली.

ती उचलून त्यानं उकंडरावापुढं धरली.

"घोट्यावर लाली संपते तिथून ओढ. नवी रेघ. रोज सकाळी."

"मी?"

"मग कोण? माझा हात तू ठेवलास का जागेवर?"

उकंडरावानं काडी बुडवली. फाटकाशी पुन्हा माणसं जमली होती. तो गुडघे टेकून बायकोच्या पायाशी बसला. काडी लालीच्या कडेवर धरली. त्यानं वर पाहिलं तर कस्तुराबाई कोपरावर उठून बसली होती. पदर बाजूला झाला होता आणि तिचे डोळे त्याच्या बोटांवर होते.

"नीट वढा," ती म्हणाली. "मी पाहून राह्यली."